पेठच्या बाजारातला भाव ठरतो कुठे?

नाशिकहून गुजरातकडे निघालं की सावळघाट ओलांडल्यावर पेठ तालुका सुरू होतो. बहुसंख्य वस्ती आदिवासी. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण. शेती मुख्यतः पावसावरची. भात, नागली, वरई, उडीद आणि खुरासणी ही इथली पिकं. सुगी आटोपली की अनेक कुटुंबं दिंडोरी, निफाड आणि नाशिक तालुक्यांतल्या द्राक्षबागांत मजुरीला जातात.

अशा तालुक्याचा जागतिक बाजाराशी काय संबंध, असा प्रश्न पडू शकतो. पण इथल्या एका साध्या घराचा हिशेब मांडला तर वेगळंच चित्र दिसतं. किराणा दुकानातून आणलेल्या पिशवीत पामतेल असेल, तर ते बहुधा इंडोनेशिया किंवा मलेशियातून आलेलं असतं. सोयाबीन तेल असेल, तर अर्जेंटिना किंवा ब्राझीलमधून आलेलं असण्याची शक्यता मोठी. व्यापाऱ्याला विकलेल्या खुरासणीला अमेरिकेत गिऱ्हाईक आहे. आणि ज्या बागेत मजुरी केली, तिथली द्राक्षं नेदरलँड्सला नाहीतर बांगलादेशला जातात.

म्हणजे एकच घर तीन दिशांनी जगाशी बांधलेलं आहे: खरेदीतून, विक्रीतून आणि मजुरीतून. जागतिक भाव मात्र या तिन्ही वाटांनी सारखा पोहोचत नाही. विकत घेताना तो लगेच पोहोचतो, विकताना अडखळत येतो, आणि मजुरीत तर पुष्कळदा वेगळ्याच रूपात उतरतो. असं का होतं, ते समजून घेऊ.

बाजार जोडले जातात म्हणजे नेमकं काय होतं?

सुरुवात जवळच्या उदाहरणाने करू. पेठमध्ये एखादी वस्तू १०० रुपये किलो आणि नाशिकमध्ये ८० रुपये किलो असेल, तर कुणीतरी ती नाशिकहून आणून पेठला विकेल. गाडीभाडं आणि कमाई धरून किलोमागे १० रुपये लागत असतील, तर पेठचा भाव हळूहळू ९० च्या आसपास येईल. रस्ता खराब असेल तर भाडं वाढतं आणि दोन गावांच्या भावांतलं अंतरही वाढतं. रस्ता सुधारला की ते कमी होतं.

दोन देशांतही हेच घडतं, फक्त मधल्या पायऱ्या वाढतात. जहाजाचं भाडं, विमा, डॉलरचा दर, आयात शुल्क आणि मालाच्या दर्जाचे नियम या सगळ्यांतून माल पार पडतो. गेल्या काही दशकांत कंटेनरमुळे वाहतूक स्वस्त झाली. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि देशादेशांत मुक्त व्यापाराचे करार होत गेले. यामुळे या पायऱ्यांची उंची कमी झाली. यालाच आर्थिक एकात्मीकरण म्हणतात. त्याचा पहिला परिणाम असा, की एका ठिकाणचा भाव दुसऱ्या ठिकाणच्या भावापासून फार काळ फटकून राहू शकत नाही.

तेलाच्या पिशवीत काय काय भरलेलं असतं?

भारत खाद्यतेलाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग आयात करतो. २०२३-२४ च्या तेल हंगामात सुमारे १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आलं. नेहमी अशी स्थिती नव्हती. १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. त्यानंतरच्या वाढीला पुढे ‘पिवळी क्रांती’ म्हटलं गेलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता.

वळण आलं ते १९९४ मध्ये. त्या वर्षी पामोलिनची आयात खुली करण्यात आली आणि तिच्यावर ६५ टक्के शुल्क ठेवलं गेलं. पुढच्याच वर्षी ते ३० टक्क्यांवर आणि १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आलं. जागतिक व्यापार संघटनेच्या बंधनामुळे हे करावं लागलं, असा समज आहे. पण पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा भारताकडे त्या करारातही होती. शुल्क कमी करण्याचा निर्णय दिल्लीत झाला. शहरी आणि गरीब ग्राहकाला स्वस्त तेल मिळावं, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. देशातली मागणी वाढत गेली, तेलबियांचं उत्पादन त्या वेगाने वाढलं नाही आणि मधली जागा आयात तेलाने भरली.

शुल्काचा पिशवीच्या किमतीवर किती परिणाम होतो, ते एका उदाहरणातून पाहू. समजा कच्च्या पामतेलाचा भाव भारतीय बंदरात टनाला १,००० डॉलर आहे आणि डॉलर ८५ रुपयांना आहे. म्हणजे किलोला ८५ रुपये पडले.

- एकूण शुल्क ५.५ टक्के असेल तर भाव साधारण ९० रुपये होतो.
- शुल्क २७.५ टक्के असेल तर तो १०८ रुपयांवर जातो.
- शुल्क १६.५ टक्के असेल तर तो ९९ रुपये राहतो.

उदाहरणातले भाव कल्पित आहेत, पण शुल्काचे हे तिन्ही दर खरे आहेत. १४ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं. त्यानंतर ३० मे २०२५ पासून ते १६.५ टक्क्यांवर आणलं. इंडोनेशियात ताडाचं पीक तेवढंच आलं, जहाजाचं भाडं तेवढंच राहिलं, तरी केवळ एका अधिसूचनेने किलोमागे १८ रुपयांचा फरक पडू शकतो.

डॉलरचंही तसंच. शुल्क १६.५ टक्केच ठेवून डॉलर ८५ वरून ९० रुपयांवर गेला, तर वरच्या उदाहरणातला ९९ रुपयांचा भाव जवळजवळ १०५ होतो.

कधी कधी दुसऱ्याच देशाच्या निर्णयाने भाव हलतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि सूर्यफूल तेलाचा पुरवठा विस्कळीत झाला, कारण जगातलं बहुतांश सूर्यफूल तेल याच दोन देशांतून बाहेर जातं. पाठोपाठ इंडोनेशियाने आपल्या लोकांना तेल स्वस्त मिळावं म्हणून २८ एप्रिल ते २३ मे २०२२ या काळात पामतेलाची निर्यात बंद ठेवली. एका तेलाचा तुटवडा पडला की गिऱ्हाईक दुसऱ्या तेलाकडे वळतं, त्यामुळे सगळीच तेलं महागतात. त्या वर्षी भारतातल्या घराघरांत तेल जपून वापरलं जात होतं, त्याचं कारण हेच.

भाव चढतो लगेच, उतरतो सावकाश. असं का?

दुकानदाराकडे जुन्या भावाने घेतलेला माल असतो. नवा माल महाग येणार हे कळलं, की तो जुना मालही नव्या भावाने विकू पाहतो, कारण विकलेल्या मालाच्या जागी त्याला महागडा माल भरायचा असतो. उलट भाव उतरणार असं कळलं, तर महाग घेतलेला माल संपेपर्यंत तो भाव खाली आणायला तयार नसतो. गिऱ्हाइकाकडे दुसरं दुकान नसेल, तर ही दिरंगाई आणखी वाढते.

सप्टेंबर २०२४ मध्ये हे ठळकपणे दिसलं. शुल्क वाढलं तेव्हा कमी शुल्कात आलेलं सुमारे ३० लाख टन तेल देशात शिल्लक होतं. ते संपेपर्यंत छापील किंमत वाढवू नका, असं केंद्र सरकारने कंपन्यांना सांगितलं. तरीही सणासुदीच्या दिवसांत किरकोळ भाव चढलेच.

पेठसारख्या ठिकाणी याची झळ जास्त बसते. ज्या कुटुंबाची कमाई कमी, त्याच्या खर्चातला मोठा वाटा खाण्यापिण्यावर जातो. तेल किलोमागे १८ रुपयांनी वाढलं, तर नोकरदार घराच्या महिन्याच्या हिशेबात ते फारसं जाणवणार नाही. मजुरीवर चालणाऱ्या घरात मात्र फोडणी आखडती होते.

पेठची खुरासणी अमेरिकेला का जाते?

डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई आणि खुरासणी आलटून पालटून घेण्याची इथली जुनी पद्धत. खुरासणीलाच महाराष्ट्रात इतरत्र कारळे म्हणतात. पावसाळा सरता सरता तिची पिवळी फुलं उतारावर दिसू लागतात. बी काळं, बारीक आणि तेलाने भरलेलं. घाण्यावर काढलेलं तेल स्वयंपाकात वापरायचं आणि भाजलेल्या बियांची चटणी करायची, ही घरची रीत.

जगाच्या बाजारात मात्र या बियांचं सर्वात ठळक गिऱ्हाईक पक्षी आहेत. अमेरिकेत घराच्या अंगणात पक्ष्यांसाठी दाणे ठेवण्याचा छंद मोठा आहे. तिथल्या पिवळ्या गोल्डफिंच पक्ष्याला खुरासणी फार आवडते. तिकडे ती ‘नायजर’ या नावाने विकली जाते. भारत, इथियोपिया आणि म्यानमार हे तिचे मुख्य पुरवठादार.

या व्यापारातली खरी अडचण शुल्काची नाही. खुरासणीत अमरवेलीसारख्या तणांचं बी मिसळलेलं असू शकतं. ते आपल्या देशात रुजू नये म्हणून अमेरिकेने अट घातली आहे, की येणारं बी सुमारे १२० अंश सेल्सिअस तापमानावर १५ मिनिटं तापवलेलं असावं. त्यासाठी यंत्रसामग्री लागते. माल स्वच्छ करणं, प्रतवारी करणं, तपासणी आणि कागदपत्रं हे सगळं मोठा निर्यातदारच करू शकतो.

शेतकऱ्याकडे असतात चार-सहा पायली, फार तर एखादं पोतं. तो माल गावातल्या किंवा बाजारातल्या लहान व्यापाऱ्याकडे जातो, तिथून मोठ्या व्यापाऱ्याकडे, मग निर्यातदाराकडे. प्रत्येक टप्प्यावर वाहतूक, तूट आणि नफा वजा होत जातो. अमेरिकेत भाव चढला तरी त्यातला किती भाग मूळ शेतकऱ्यापर्यंत येईल, हे मधल्या माणसांत स्पर्धा किती आहे यावर ठरतं. बाजारात एकच व्यापारी असेल आणि शेतकऱ्याला त्याच दिवशी पैशांची गरज असेल, तर चढलेला भाव मध्येच अडतो.

केंद्र सरकारने २०२५-२६ साठी खुरासणीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ९,५३७ रुपये जाहीर केली. आदल्या वर्षी ती ८,७१७ रुपये होती. पण आधारभूत किमतीला अर्थ येतो तो खरेदी केंद्र असलं तरच. लहान पिकांसाठी ते क्वचितच उघडतं. त्यामुळे ही वाढ पुष्कळदा कागदावरच राहते. देशभरात खुरासणीखालचं क्षेत्र कमी होत गेलं आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. खुरासणी विकून पिशवीतलं स्वस्त तेल विकत घेणं हा अनेकदा शहाणपणाचा सौदा ठरतो. महागडी वस्तू विकायची आणि स्वस्त वस्तू घ्यायची, व्यापाराचा फायदा म्हणतात तो हाच. प्रश्न इतकाच, की दोन्ही भावांवर त्या घराचा काही ताबा नाही.

द्राक्षाचा भाव मजुरीत उतरतो का?

भारतातून निर्यात होणाऱ्या द्राक्षांत नाशिक जिल्ह्याचा वाटा सर्वात मोठा आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून थिनिंग, डिपिंग आणि मग जानेवारी ते एप्रिलमधली तोडणी, असं हंगामभर हाताचं काम असतं. पेठ, सुरगाणा आणि आसपासच्या भागांतल्या मजुरांच्या टोळ्या ते करतात. बरंच काम एकरी उक्तं दिलेलं असतं.

बागायतदाराला युरोपात चांगला भाव मिळाला, तर मजुरी आपोआप वाढत नाही. उक्त्याचा दर कामाच्या आधी ठरतो, द्राक्षाचा भाव नंतर कळतो. शिवाय पेठमध्ये पावसाळ्यानंतर दुसरं काम कमी असल्याने दर ताणून धरण्याची मजुरांची ताकदही कमी असते. वर्षानुवर्षं बागा वाढत गेल्या, मजुरांची चणचण जाणवू लागली, तेव्हा मजुरी वाढली. म्हणजे निर्यातीचा फायदा मजुरापर्यंत येतो, पण भावातून नव्हे तर कामाच्या मागणीतून, आणि तोही सावकाश.

संकट मात्र लवकर पोहोचतं. २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रक रसायनाचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. अनेक कंटेनर अडकले आणि बागायतदार कर्जात गेले. त्या वेळी शुल्क वाढलं नव्हतं आणि कुठला करारही मोडला नव्हता. अडथळा होता तो दर्जाच्या नियमाचा. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. त्यानंतर युरोपला जाणारी बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला आणि नाशवंत मालाचा खर्च वाढला. बांगलादेशने द्राक्षावरचं आयात शुल्क वाढवत नेलं, त्याचाही फटका नाशिकला बसला.

अशा वर्षी बागायतदार आधी मजुरांवरचा खर्च आवरतो. मजुरीचा दर तोच राहतो, पण कामाचे दिवस घटतात. हाताखालची माणसं कमी होतात किंवा उचल मिळत नाही. जागतिक बाजारातला धक्का मजुराला असा ‘भाव’ म्हणून नव्हे, तर ‘दिवस’ म्हणून बसतो. त्यामुळे महागाईच्या आकड्यांत तो दिसतही नाही.

कोणते भाव बाहेरून येत नाहीत?

घरातल्या सगळ्याच वस्तू जगाशी अशा जोडलेल्या नाहीत. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला, ज्यांचा मोठा आंतरराष्ट्रीय व्यापारच नाही अशा वस्तू. नागली हे त्याचं उदाहरण. तिचा भाव मुख्यतः देशातली मागणी आणि पाऊस यांवर ठरतो. २०२५-२६ साठी नागलीची आधारभूत किंमत क्विंटलला ४,८८६ रुपये आहे. आदिवासी भागात भात आणि नागलीच्या खरेदीची जबाबदारी आदिवासी विकास महामंडळाकडे आहे, आणि त्याचं मुख्यालय नाशिकलाच आहे. केंद्र वेळेवर उघडलं तर ही किंमत खरी ठरते.

दुसरा, ज्यांच्यामध्ये सरकार भिंत होऊन उभं आहे अशा वस्तू. रेशनचं धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. त्यामुळे थायलंड किंवा व्हिएतनाममध्ये तांदूळ महागला, तरी पेठच्या रेशन दुकानात फरक पडत नाही. खताचंही तसंच. २०२२ मध्ये जगात खतांचे भाव भडकले, पण डीएपीची ५० किलोची गोणी शेतकऱ्याला १,३५० रुपयांनाच मिळत राहिली. वरचा भार अनुदानाने उचलला. जागतिक भाव तिथेही आला, फक्त तो दुकानात न दिसता सरकारी तिजोरीत दिसला.

तिसरा, ज्यांच्यावर सरकार बाहेर जाण्याची वाट बंद करतं अशा वस्तू. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली गेली, ती २८ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा सुरू झाली. कांद्यावर डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली, तीही ४० टक्के निर्यात शुल्कासह. हे शुल्क पूर्णपणे हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. या काळात लासलगावच्या शेतकऱ्याला बाहेरचा चढा भाव घेता आला नाही, आणि शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळाला.

मग फायदा कुणाचा, तोटा कुणाचा?

अर्थशास्त्रात यासाठी एक साधा प्रश्न विचारतात: हे घर त्या वस्तूचं विकणारं जास्त, की विकत घेणारं जास्त? विकणारं असेल तर भाववाढ लाभाची, घेणारं असेल तर तोट्याची.

पेठच्या घराला हा प्रश्न लावून पाहू. समजा एका घरात महिन्याला ३ लिटर तेल लागतं. लिटरमध्ये साधारण ९१० ग्रॅम तेल येतं, म्हणजे वर्षाला सुमारे ३३ किलो. शुल्कवाढीने किलोमागे १८-१९ रुपये वाढले, तर वर्षाचा बोजा सुमारे ६०० रुपयांचा झाला. हेच घर वर्षाला एक क्विंटल खुरासणी विकत असेल, तर हा खड्डा भरून निघायला खुरासणीला किलोमागे ६ रुपये जास्त मिळायला हवेत.

तेवढे मिळतील का? पामतेलावरचं शुल्क वाढवण्याचा घोषित हेतू तेलबिया पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आधार देण्याचा असतो. मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीन उत्पादकाला त्याचा थोडाफार लाभ होऊ शकतो. पण खुरासणीचा बाजार वेगळा. तिचा भाव अमेरिकेतली मागणी, इथियोपियाचं पीक आणि इथल्या व्यापाऱ्यांची संख्या यांवर हलतो. त्यामुळे शेतकऱ्यासाठी म्हणून केलेल्या शुल्कवाढीत पेठचा शेतकरी आधी ग्राहक म्हणून पैसे मोजतो. शेतकरी म्हणून त्याला काही मिळेलच, याची खात्री नसते.

याचा अर्थ जगाशी व्यापार तोडावा असा नाही. आयात तेल नसतं तर तेलाची पिशवी आजच्यापेक्षा कितीतरी महाग असती, आणि निर्यात नसती तर द्राक्षबागांतलं कामही एवढं नसतं. फरक पडतो तो मधल्या वाटेवर. खुरासणी एकेका पोत्याने न विकता गावाने एकत्र करून, चाळून, स्वच्छ करून विकली, तर व्यापाऱ्यांमध्ये स्पर्धा लागते. खरेदी केंद्र सुगीच्या वेळीच उघडलं, तर आधारभूत किंमत कागदावरून हातात येते. आणि गावाजवळ रोजगार हमीचं काम सुरू असेल, तर बागेत उक्त्याचा दर ठरवताना मजुराला नाही म्हणता येतं. महाराष्ट्राने १९७७ मध्येच कामाच्या हमीचा कायदा केला होता.

तेलाच्या शुल्काची अधिसूचना दिल्लीत निघाली की काही दिवसांतच ती पेठच्या दुकानातल्या पिशवीवर दिसते. खुरासणीचा वाढलेला भाव त्याच रस्त्याने, त्याच घाटातून उलट वर यायला मात्र पुष्कळदा अख्खा हंगाम लागतो, आणि वाटेत तो झिजतोही. एकात्मीकरणाचा लाभ पेठला किती मिळाला हे मोजायचं, तर हे दोन वेग एकमेकांच्या किती जवळ आले, ते पाहावं लागेल.